एक खटका वर

"बाबा, त्या दिवशी बस चालवताना तू झोपला होतास का?"

खरं तर हा प्रश्न माझा नव्हताच, माझ्या मैत्रिणींनी पैज लावली होती. जोलीन म्हणाली, "लारिसा, व्हॉलीबॉलची कॅप्टन काय झालीस, सगळ्या गावाला हुकूम सोडत फिरतेस. घरी जाऊन बापाला एवढं एक विचारून दाखव." ॲनिकाने लगेच तेल ओतलं, "नाही विचारायची ती. हिची मर्दुमकी नेटच्या अलीकडेच." माझ्यासमोर कुणी 'नाही करायची' म्हटलं की मी ते करतेच. गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात नुसता हात वर करायलाही घाबरायचे, आणि आता मला थांबवायचं कसं हाच घरच्यांना प्रश्न पडलेला असतो.

तर रात्रीच्या जेवणाला पिरोगी होत्या, बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, वर परतलेला कांदा. बाबाचा काटा ताट आणि तोंड यांच्या मध्येच थांबला.

"लारिसा! ताटात बघ आपल्या," आई म्हणाली.

"कुणी सांगितलं विचारायला?" बाबा म्हणाला.

"कुणी नाही."

"म्हणजे तुझ्याच डोक्यातून आलं. मग तर आणखीच वाईट." त्याने पिरोगी तोंडात टाकली, बराच वेळ चावली. मग खिडकीकडे बघत म्हणाला, "झोपलो नव्हतो." आणि जरा थांबून, "मला वाटतं."

मला वाटतं! झोपलो नव्हतो म्हणणारा माणूस 'मला वाटतं' म्हणतो का? पैज जिंकले होते, पण दुसऱ्या दिवशी मैत्रिणींना उत्तर सांगताना शेवटचे दोन शब्द मी गिळून टाकले.

झालं होतं असं. माझा बाबा ओरेस्ट प्रिस्तुपा आमच्या डनमीरच्या शाळेची बस चालवतो. एकोणीस वर्षं झाली. ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी सकाळी आठच्या सुमारास सात मुलं घेऊन तो खडीच्या रस्त्याने पूर्वेकडे, गावाकडे येत होता. मी त्या दिवशी बसमध्ये नव्हते. लवकर सराव होता म्हणून आईने मला आधीच सोडलं होतं. धान्याचा एक ट्रक पुढून गेलेला, त्यामुळे रस्त्यावर धुरळा भिंतीसारखा उभा, आणि त्या भिंतीच्या मागून थेट डोळ्यांत ऊन. बाबाचं म्हणणं असं, की त्या धुरळ्यातून एकदम एक काळी आकृती समोर आली, दिवे नसलेली गाडी, अगदी नाकासमोर. त्याने बस उजवीकडे ओढली आणि ती रस्त्याकडेच्या चरात जाऊन कलंडली. टक्कर झाली नाही. सहा मुलांना खरचटलं, सातव्या छोट्या टेटचं मनगट मोडलं.

समोरून येणारी गाडी थोरवाल्डसन सरांची होती. सर म्हणजे आमच्या गावात गाडी शिकवणारा एकमेव माणूस. बाबालाही त्यांनीच शिकवली, आणि आता मलाही तेच शिकवत होते. खिडकीतून आत शिरून मुलांना बाहेर काढलं तेही त्यांनीच. पण पोलिसांना त्यांनी साफ सांगितलं, "माझी गाडी माझ्या बाजूने होती आणि दिवे चालूच होते. या देशातल्या गाड्यांचे पुढचे दिवे दिवसा आपोआप लागतात, कॉन्स्टेबल. मी मनात आणलं तरी ते बंद होत नाहीत."

कॉन्स्टेबलने त्यांना गाडी तिथेच चालू करायला लावली. लागले दिवे. संपला विषय.

मग बसमधली एक मुलगी म्हणाली, ड्रायव्हरचं डोकं खाली होतं. दोन दिवसांत गावभर झालं की ओरेस्टला डुलकी लागली. शाळेच्या मंडळाने एक कागद पाठवला: चालकाचं लक्ष नव्हतं हे मान्य आहे, खाली सही. सोमवारच्या बैठकीच्या आत. सही केली तर बस जाणार. नाही केली तर चौकशी, आणि चौकशीत 'खोटं बोलला' हेही लागणार. बाबाला बस म्हणजे काय हे गावाबाहेरच्या माणसाला कळणार नाही. वाटेतल्या प्रत्येक पोराचा वाढदिवस त्याला पाठ आहे.

मी मात्र त्या 'मला वाटतं'नंतर बाबावर पाळत ठेवायला लागले. तो किती जांभया देतो ते मोजलं, बुधवारी चार. कॉफी किती पितो ते पाहिलं. मंडळाने निकाल लागेपर्यंत बस त्याच्याकडून काढून घेतली नव्हती, फक्त सोबत एक बाई बसायची मागच्या सीटवर, वही घेऊन. सकाळी मी आमच्या कोठाराच्या आडून बघितलं तर बाबाने बसचे दिवे लावले, उतरला, पुढून बघितलं, मागे जाऊन बघितलं, परत बसला. मग पुन्हा उतरला आणि पुन्हा सगळी फेरी. बस जुनी, तिचे दिवे हाताने लावावे लागतात, आणि तो ते एकोणीस वर्षं लावतोच आहे. मग दोनदा कशाला? अपराधी माणूस असंच करतो, असं माझ्या मनात आलं. खरंच आलं, लपवून काय उपयोग.

"काय शोधतेस तिथं?" त्याने मला पाहिलंच.

"मांजर."

"आपल्याकडे मांजर नाही, लारी."

"म्हणूनच तर सापडत नाहीये."

तो हसला नाही. एरवी हसला असता.

गुरुवारी शाळेनंतर माझा गाडीचा तास होता. सरांना मी टाळू शकले असते, पण शिकाऊ लायसन्स हातात आल्यापासून मी एकही तास सोडला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला त्यांच्याकडेही जरा निरखून बघायचं होतं. संशयाची सवय लागली की माणूस एकावर थांबत नाही.

मी चालकाच्या सीटवर बसले. किल्ली फिरवली. किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे क्षणभर लागतात. इंजिनाचा पिवळा, पट्ट्याचा लाल, तेलाचा. त्यांच्या मधे एका ठिकाणी काळी चिकटपट्टी.

"सर, ही पट्टी कशाची?"

"इंजिनाचा दिवा. वर्षभर उगाच जळतोय. बघवत नाही."

आमच्या गावात अर्ध्या गाड्यांना तशी पट्टी आहे, आईच्या गाडीलाही होती. म्हणून मी आधीच्या तीन तासांत काही विचारलं नव्हतं. पण इंजिनाचा पिवळा दिवा तर मी आत्ताच लागलेला पाहिला होता, पट्टीच्या शेजारी! मग पट्टीखाली कोण? मी मान डोलावली, आरसा नीट केला, आणि या नादात हँडब्रेक पूर्ण खाली करायचा राहिला. एक खटका वरच. नवशिक्याची चूक. गाडी चालते तशीही, फक्त जराशी जड वाटते. एरवी डॅशबोर्डवर लाल दिवा लागून तुम्हाला ओरडतो.

इथे काहीच ओरडलं नाही.

कर्लिंग या बर्फावरच्या खेळाच्या हॉलला पुढे मोठाली काचेची दारं आहेत. मी त्यांच्यासमोरून हळू वळण घेत होते, ऊन छान पडलं होतं, आणि काचेत आमची गाडी दिसली. पुढून काळी. दोन्ही दिवे मेलेले.

मी ब्रेक दाबला. "सर, दिवे!"

"काय दिवे?"

"लागलेले नाहीत. बघा काचेत."

ते पुढे वाकले. मी इकडेतिकडे पाहिलं, आणि हात हँडब्रेकवर गेला. "अरेच्चा, हा पूर्ण खाली नव्हता." खाली सोडला. काचेत दोन दिवे लागले. लख्ख.

मग मी मुद्दाम एक खटका वर केला. गेले. खाली केला, आले. आणखी एकदा वर, आणखी एकदा खाली. कुणाला वाटलं असतं मी काचेतल्या गाडीला डोळा मारतेय.

सर काचेतल्या गाडीकडे बघत राहिले. एरवी मी आरशात उशिरा बघितलं तरी पाच मिनिटं बोलणारा माणूस. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"पट्टीखाली हँडब्रेकचा दिवा आहे ना, सर?"

"रस्त्यावर लक्ष दे."

"गाडी उभी आहे, सर."

"मग चालव."

मी चालवली. आवाज जराही न चढवता विचारलं, याचा मला आत्ताही अभिमान वाटतो. "त्या सोमवारी सकाळी तुम्ही कुठून येत होता?"

"सांगितलंय पोलिसांना. गावात कॉफी प्यायलो, घरी चाललो होतो. मुलगी आहेस की वकील?"

शाळेपाशी मी गाडी थांबवली आणि उतरले. बुटांत काहीतरी टोचत होतं. बाकावर बसून मोजे काढले, तर त्यांत सातूची कुसळं. दोन नाही, चांगली मूठभर. गाडीतल्या पायपुसण्यात ती रुतलेली असणार. कॉफी पिऊन कुणाच्या पायाला सातूची कुसळं लागत नाहीत.

कॉफीचं दुकान जोलीनच्या आईचं. शुक्रवारी मधल्या सुट्टीत मी जोलीनला गाठलं.

"त्या सोमवारी थोरवाल्डसन सर सकाळी कॉफीला आले होते का, आईला विचारशील?"

"का गं? आता सरांवर आळ? परवा बाप, आज सर, उद्या मी?"

"तू विचार तर. नाहीतर म्हणेन, नाही विचारायची ती."

"हो गं बाई, विचारते." तिने तिथूनच फोन लावला. ऐकत राहिली, मग माझ्याकडे बघून तिचा चेहरा बदलला. "आई म्हणते त्या सोमवारी दुकान बंदच होतं. बॉयलर फुटला होता. कुणीच आलं नव्हतं."

ॲनिका शेजारीच सँडविच खात होती. ती शेतकऱ्याची पोर, तिला सांगायला लागलंच नाही. "हंस," ती म्हणाली. "रानहंस बघायला गेले असणार. त्या रस्त्याला लागूनच ह्नाट्युकचं सातूचं शेत आहे, कापणी झालेलं, पहाटे हजारभर हंस उतरतात. गाडी बांधावरून हळू न्यायची आणि दिवे मालवायचे, नाहीतर पाखरं उठतात. माझे काका हँडब्रेक एक खटका वर करूनच जातात. लाल दिव्यावर टोपी ठेवतात, तोंडावर उजेड पडू नये म्हणून."

"मग सरांनी सांगितलं का नाही?"

"ह्नाट्युकने त्यांना शेतात यायला बंदी केलीय ना. दोघं मागच्या वर्षी भर चर्चमध्ये भांडले. गाडीत बंदूक असली तर प्रकरण आणखी वाढेल."

तर असं. सर शेतातून बाहेर आले, रस्त्याला लागले, खटका तसाच राहिला, लाल दिवा पट्टीखाली. ऊन त्यांच्या पाठीशी, त्यामुळे त्यांना सगळं स्वच्छ दिसत होतं, बससुद्धा, तिचे दिवेसुद्धा. आपण दिसतोय का, असा विचारच त्यांना आला नसेल. दिवसा दिवा स्वतःला दिसावं म्हणून लावत नाहीत, दुसऱ्याला आपण दिसावं म्हणून लावतात, हे त्यांनीच पहिल्या तासाला फळ्यावर लिहिलं होतं. अपघातानंतर गाडी थांबवताना त्यांनी हँडब्रेक पूर्ण वर ओढला, आणि कॉन्स्टेबलसमोर पूर्ण खाली सोडला. मग दिवे लागणारच.

पण एक मला कळत नव्हतं, आणि आत्ताही कळत नाही. काचेसमोर मी खटका वर-खाली केला तेव्हा ते त्यांना पहिल्यांदाच कळलं, की आधीपासून माहीत होतं? कान दोन्हींनी लाल होतात.

शुक्रवारी संध्याकाळी मी सायकलने त्यांच्या घरासमोरून गेले. गाडी अंगणात होती. काचेला नाक लावून पाहिलं: पट्टी नव्हती. नुसता चिकट, धुळीचा चौकोन.

म्हणजे पुरावा गेला. घरी येईपर्यंत मी त्यांना मनात इतक्या शिव्या दिल्या की सायकलची चेन पडली तेही कळलं नाही. मग डोकं थंड झालं आणि मी आईच्या गाडीची किल्ली घेतली, कोठाराच्या पत्र्याच्या दारासमोर गाडी उभी केली. हँडब्रेक खाली, पत्र्यावर उजेड. एक खटका वर, उजेड गेला. तिची गाडीही तशीच! मी तिथे एकटीच नाचले.

काल रात्रीच सांगणार होते, पण बाबा ह्नाट्युककडे ट्रॅक्टर दुरुस्त करायला गेला तो मी झोपेपर्यंत आला नाही. आज शनिवार. सकाळी मी खाली आले तेव्हा मंडळाचा कागद टेबलावर होता, त्यावर पेन, शेजारी आई हात जोडल्यासारखे धरून बसलेली.

"सही करतोय," बाबा म्हणाला. "कुणाशी भांडायचं? सगळे सांगतात गाडीला दिवे होते. मी म्हणतो नव्हते. एक माणूस आणि सगळं गाव. रोज रात्री तो धुरळा डोळ्यांपुढे आणतो गं, आणि आता त्यात मला दिवे दिसायला लागलेत. कदाचित झोपलोच असेन."

"आणि डोकं? डोकं खाली होतं म्हणतात ते?" मी विचारलं.

"ऊन डोळ्यांत होतं. काचेवरच्या ऊन अडवणाऱ्या झडपेखालून बघत होतो. पण तेही आता…"

"बाबा, तू झोपला नव्हतास."

"मला वाटतं…"

"वाटत नाही! नव्हतास!" आणि मी सगळं सांगून टाकलं. पट्टी, काच, मोज्यातली कुसळं, फुटलेला बॉयलर, हंस, खटका. इतकं भरभर की आई दोनदा म्हणाली, "श्वास घे." कोठाराच्या पत्र्यापर्यंत आले तेव्हा बाबा उभा राहिला होता. तो बाहेर गेला, आईच्या गाडीत बसला. आम्ही खिडकीतून पाहिलं. उजेड गेला. आला. गेला. तो बराच वेळ करत होता. परत आला तेव्हा डोळे पुसलेले होते, पण पेनाकडेच बघत म्हणाला, "थोरवाल्डसनने टेटला चरातून उचलून आणलं होतं. त्याचं नाव मी घेऊ? म्हातारा आहे. पोरांना शिकवणं एवढंच राहिलंय त्याच्याकडे."

"आणि तुझ्याकडे काय राहिलंय?" आई पहिल्यांदा जोरात बोलली.

"आणि हिला लायसन्स त्याच्याच सहीने मिळायचं आहे," बाबा म्हणाला.

तेवढ्यात मला रस्त्यावर दिसलं. आमच्याकडे गाडी घरापाशी यायच्या आधी दोन मैलांवरून दिसते. पश्चिमेकडून धुरळ्याची शेपटी, तिच्या पुढे दोन दिवे, लख्ख उन्हात लागलेले. एक पांढरा, एक पिवळट. ती गाडी अख्खं गाव ओळखतं.

"थोरवाल्डसन," बाबा म्हणाला.

"कबूल करायला येतोय," आई म्हणाली.

"की माझं तोंड बंद करायला," मी म्हटलं. "पट्टी काढून टाकणारा माणूस आहे तो."

दिवे मोठे होत होते. ते कशासाठी येताहेत हे मला माहीत नव्हतं, आणि अचानक लक्षात आलं की ते माहीत व्हायच्या आत मला बोलायला हवं. नंतर बोलले असते तर ते माझं ठरवणं झालं नसतं, त्यांच्या बोलण्याला दिलेलं उत्तर झालं असतं.

"ऐका दोघं," मी म्हटलं. व्हॉलीबॉलवाला आवाज लागला, तो कमी केला. "सर आत येऊन माफी मागोत, रडोत, नाहीतर मला दम देवोत. सोमवारी मंडळापुढे मी बोलणार आहे. आईची गाडी शाळेच्या अंगणात उभी करायची, सगळ्यांना बाहेर बोलवायचं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर खटका वर करायचा. सर स्वतः बोलले तर त्यांच्या आधी नाही, पण त्यांच्यानंतर तरी नक्की. लायसन्स पुढच्या वर्षी मिळेल, किंवा दुसऱ्या गावात. मी थांबेन. हे ठरलंय, विचारत नाहीये."

बाहेर खडी करकरली.

"आणि बाबा, ते पेन इकडे दे."